इराण–समुद्रपूर, मार्गे फ्रान्स

लग्नाच्या पंगतीत बसलेला माणूस साधारणपणे वाढप्याकडे पाहतो. आमचे चेकर पंगत मोजत. बोटांनी नाही, हनुवटीनं. हनुवटी एकेका माणसावर टेकत टेकत टोकापर्यंत जायची, तशीच परत यायची, आणि मग ते शेजारच्याला म्हणायचे, "मानसं एकशे बारा. पानं मांडली एकशे चौदा. दोन कोनाची?" उत्तर मिळेपर्यंत घास उचलत नसत. त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं, "आमच्या लग्नात यायनं बोहल्यावरून वऱ्हाड मोजलं, बाई. तिघं जास्त निघाले. थे तिघं कोन होते, याचा विषय अजून घरात निघते."

मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या एका बस डेपोत तिकीट शाखेत कारकून होते. कंडक्टरांना तिकिटांचे गठ्ठे मोजून द्यायचे, वहीत नोंद करायची, सही घ्यायची, एवढं काम. डेपोत मी एकटीच बाई होते. त्यामुळे सगळे मला नुसतं 'बाई' म्हणत, आणि ते पुरत होतं. चेकरांचं काम रस्त्यावरचं. वाटेत गाडी थांबवायची, माणसं मोजायची, तिकिटं पाहायची, आणि ज्या कंडक्टरनं पैसे घेऊन तिकीट फाडलेलं नसेल त्याच्यावर केस करायची.

ते लपण्यात वस्ताद होते. पळसाच्या आड, पुलाखाली, उभ्या तुरीत. एकदा घोंगडी पांघरून, हातात कोंबडी घेऊन ते स्वतःच गाडीत प्रवासी म्हणून चढले आणि दोन थांबे गेल्यावर घोंगडी काढली. कोंबडी खरी होती आणि विकत घेतलेली होती. ती गाडीत सुटली तेव्हा ड्रायव्हरनं गाडी थांबवली, पण चेकरांनी आधी माणसं मोजून घेतली, मग कोंबडी धरली. महिन्याला त्यांच्या केसेस सगळ्यांत जास्त असत. कंडक्टरच्या हातचा चहा मात्र त्यांनी आयुष्यात घेतला नाही. कॅन्टीनमध्ये कोणी आग्रह केला तर म्हणायचे, "पिईन. रिटायर झाल्यावर पाजजो."

त्या काळात मोठमोठ्या चौकड्यांचे शर्ट निघाले होते. चेकरांच्या मेव्हण्यानं नागपूरहून त्यांना एक आणून दिला आणि एका सुट्टीच्या दिवशी तो घालून ते आपल्या गावी, समुद्रपूरकडे निघाले. गाडीवर वामन कंडक्टर होता. हा माणूस तोंडाचा फाटका. भरल्या गाडीत त्यानं विचारलं, "काऊन साहेब, चेकर हाय म्हनून चेक्स घातले, का चेक्स घालता म्हनून चेकर केलं तुमाले?"

गाडी हसली. दुसरा असता तर चिडला असता. चेकरांनी प्रश्न मनावर घेतला. दुसऱ्या दिवशी हायस्कुलातल्या इंग्रजीच्या मास्तरांकडे जाऊन त्यांनी विचारलं की चेकर आणि चेक्सचं कापड यांचं नाव एक का. मास्तर म्हणाले, योगायोग असेल.

"योगायोग नसते, मास्तर," चेकर म्हणाले. "तपास अपुरा असते."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. केस करताना ते कंडक्टरांनाही हेच ऐकवत. फरक एवढाच की या वेळी केस शब्दावर होती, आणि ती चार वर्षं चालली.

मी त्यात आले ती पोस्टकार्डांमुळे. चेकर सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजी वाचता येई, लिहिताना हात अडखळे. दुपारी दोनच्या सुमाराला ते माझ्या खिडकीशी येत आणि गजांमधून एक जोडकार्ड, म्हणजे उत्तराच्या कोऱ्या कार्डासकटचं पोस्टकार्ड, आत सरकवत. मजकूर मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहून देत असे. मिशनच्या दवाखान्यात एक म्हातारे फादर होते, त्यांना लॅटिन आणि फ्रेंच येत होतं. नागपुरात एक निवृत्त फारसी शिक्षक होते. या दोघांना मिळून आमच्या डेपोतून किती पत्रं गेली ते मी मोजलं नाही. चेकरांनी मोजलं असणार. मला या उद्योगाचा काही उपयोग दिसत नव्हता. पण पत्रं ते स्वतःच्या पैशानं पाठवत, माझं काम संपल्यावरच येत, आणि लिहून झालं की खिडकीशी रेंगाळत नसत. डेपोतल्या पुरुषांत हे तीन गुण एका ठिकाणी सहसा सापडत नसत.

उत्तरं येत गेली तशी त्यांनी शब्दाची नोंद ठेवली. वाया गेलेल्या तपासणी फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर, वेळापत्रकासारखी. निघण्याचं ठिकाण इराण. प्रवाशाचं नाव 'शाह', म्हणजे राजा. सोबत सामान: बुद्धिबळाचा पट. डावात समोरच्याचा राजा अडचणीत आला की इराणी खेळणारा 'शाह' म्हणून आवाज द्यायचा. पट अरबांकडे गेला, तिथून युरोपात, आणि तो आवाज पटासोबत गेला. लॅटिनमध्ये त्याचं 'स्काकुस' झालं, फ्रान्समध्ये 'एशेक', इंग्लंडात उतरला तेव्हा 'चेक'. पट चौकड्यांचा, म्हणून तसलं कापड चेक्सचं. राजाला अडवणं म्हणजे चेक, म्हणून पुढं कोणालाही अडवणं चेक, मग अडवून पाहणं चेक. पाहणारा चेकर.

"आनि आपला शह?" मी विचारलं. इतक्या कार्डांनंतर त्यांची बोली माझ्याही तोंडी यायला लागली होती.

"थो सरळ आला, बाई. इरानातून घोड्यावर, बिगर बदलीचा. चेक गेला जहाजानं फिरून, साहेबासंगं आला. सख्खे भाऊ. दोघं आपल्या डेपोत रोज समोरासमोर येऊन राह्यले, कोनी कोनाले ओळख देत नाई."

इराणच्या मागचा थांबाही त्यांनी शोधला. जुन्या इराणी भाषेत 'ख्शायथिय' असा एक शब्द होता, आणि आपला क्षत्रिय त्याचा चुलतभाऊ. हे त्यांनी कॅन्टीनमध्ये सांगितलं ही चूक झाली. दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर लोक त्यांना 'राजे' म्हणायला लागले. ते दहा वाजता रस्त्यावर निघाले की कोणीतरी ललकारी द्यायचं. चेकरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, नाव बरोबर आहे, फक्त हेतू चुकीचा आहे.

इथपर्यंत सगळं निरुपद्रवी होतं. पुढचं माझ्या घरी घडलं.

बुद्धिबळ त्यांना येत नव्हतं. ज्या खेळातून आपला शब्द निघाला तो एकदा डोळ्यांनी पाहावा म्हणून एका रविवारी ते आमच्याकडे आले. माझे वडील कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होते आणि घरी असले की पट मांडूनच बसलेले असत. मी समोर बसले. चेकर पाटावर बसून दोन्ही बाजूंची मोहरी मोजत होते. विसाव्या मिनिटाला बाबांनी उंट सरकवला आणि म्हणाले, "शह."

"हे काऊन बोलले?" चेकरांनी विचारलं.

"बोलायचंच असतं."

"नाई बोलले तर?"

"शह न सांगता राजा मारत नाहीत, भाऊ. आधी सांगायचं, त्याला हलायला एक चाल द्यायची. न सांगता मारला तर तो डाव नाही, चोरी झाली."

बाबांनी हे सहज म्हटलं आणि माझ्या चालीची वाट पाहत तंबाखू मळायला घेतली. चेकरांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "म्हंजे चेक हा शब्द धराचा नाई," ते म्हणाले. "थो सांगाचा हाय."  डाव मी हरले. ते उठले, बाबांना नमस्कार केला आणि चहा अर्धा ठेवून गेले. इतकी वर्षं आपण काय करत होतो याचा हिशेब त्यांनी वाटेत लावला असणार, कारण सोमवारी त्यांनी लपणं सोडलं.

पहिली गाडी वामनची निघाली. त्यानं दुपारी माझ्या खिडकीशी येऊन सांगितलं ते असं.

"बाई, मी दुरून पाह्यतो तं हा मानूस भर रस्त्यात, उन्हात, छत्री घेऊन उभा. म्या म्हटलं गेली आपली नोकरी, आठ जनाईचे तिकिटं फाडाचे बाकी होते. चढला. समोरच्या शिटावर बसला, माह्याकडे पाठ केली. म्हने, शह. म्या म्हटलं, का साहेब? म्हने, शह देला तुले. नाल्याच्या पुलापासून पुढच्या पुलालोक मी बाहेर पाह्यतो. आनि खरंच पाहत बसला ना बाई, कापसाच्या पऱ्हाटीकडे."

"मग तू काय केलंस?"

"का करतो? फाडले ना आठही. चिमटा दोनदा बोटावर मारून घेतला." त्यानं बोट दाखवलं. "पूल आला, मंग उठला, मोजले, म्हने बराबर हाय. उतरून गेला. हे काही बरं नाई, बाई. पह्यले माहीत तं होतं का चोर कोन, शिपाई कोन."

नवा गठ्ठा त्यानं तेव्हाच मागून घेतला. मी नोंद केली.

असं रोज चालू झालं. पुलापासून पुलापर्यंत, किंवा चिंचेपासून फाट्यापर्यंत, चेकर बाहेर पाहत. प्रवाशांनाही सवय झाली. ते चढले की चार-दोन लोक आपण होऊन हात वर करून तिकीट मागत. एक म्हातारी तर कंडक्टरवर ओरडली, "दे ना बापा लवकर, राजे पलीकडं पाह्यते तलोक." पहिल्या महिन्यात चेकरांची एकही केस आली नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या महिन्यात डेपो मॅनेजरनं त्यांना बोलावलं. माझं टेबल पडद्याच्या अलीकडे होतं, त्यामुळे ऐकू येण्याला इलाज नव्हता.

"तुमच्या केसेस शून्य का?"

"तिकिटं सगळी फाटून राह्यली, साहेब. केस कायची करू?"

"तुम्ही कंडक्टरला आधी सूचना देता असं माझ्या कानावर आलंय."

"होय. शह देतो."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. पण त्याच्याकडून वर केसेसचा आकडा जात असे, आणि तो आकडा बसला होता. त्यानं नियमाप्रमाणे जे करायचं ते केलं. चेकरांवर आरोपपत्र निघालं: कंडक्टरांशी संगनमत करून तपासणीची पूर्वसूचना दिली. टाइप मीच केलं. सिद्ध झालं तर बडतर्फी. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. पण चेकरांना लागलं ते वेगळंच. संगनमत म्हणजे काहीतरी घेऊन सांगितलं. ज्या माणसानं तीस वर्षं कंडक्टरचा चहा नाकारला, त्याच्या नावापुढं मी स्वतःच्या हातानं हा शब्द टाइप केला होता. आरोपपत्र त्यांनी खिडकीशी उभ्यानं वाचलं, माझ्याकडून पेन घेतलं, पोच दिली, आणि म्हणाले, "यायले खरं सांगा लागंन. पह्यलेपासून."

पहिल्यापासून म्हणजे इराणपासून. त्यांनी लेखी खुलासा दिला तो अकरा पानांचा. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हे कोणी वाचणार नाही, चार ओळी लिहा, मी काही घेतलं नाही, माझा हेतू शुद्ध होता, माफी असावी. ते म्हणाले, "बाई, मी का केलं हे विचारलं हाय. का केलं हे अकरा पानात बसते. चार ओळीत नाई बसत." मग अकरा पानं टाइप केली. 'ख्शायथिय' मशीनवर चार प्रयत्नांत जमलं.

मी मात्र माझ्या परीनं दुसरी तयारी ठेवली होती. तिकिटांच्या गठ्ठ्यांची वही माझ्याकडे. चेकर ज्या रस्त्यावर होते त्या गाड्यांचे गठ्ठे पूर्वी तीन आठवडे पुरत, आता दहा दिवसांत संपत होते. बाकीच्या रस्त्यांवर तसं काही नव्हतं. माणसं तेवढीच, गाड्या त्याच. चौकशीला विभागीय कार्यालयातून अधिकारी आले. त्यांनी खुलाशाचं पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, मधली बोटांनी चाळली आणि विचारलं, "हे काय आहे?"

"चेकचा प्रवास हाय, साहेब," चेकर म्हणाले.

अधिकाऱ्यांनी पानं बाजूला ठेवली. मी वही पुढं केली. ती त्यांनी नीट वाचली, दोनदा.

"हे आधी का नाही सांगितलं तुम्ही?"

"कोणी विचारलं नाही," मी म्हटलं.

संगनमताचा आरोप वगळण्यात आला. तपासणीची पद्धत नियमबाह्य असल्याचा शेरा राहिला, आणि चेकरांना रस्त्यावरून काढून सापडलेल्या सामानाच्या खोलीत बसवण्यात आलं. मला वाटलं होतं ते माझे आभार मानतील. ते रागावले. त्यांना रागावलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

"तिकिटं जास्त फाटली म्हनून मी खरा ठरलो, बाई. कमी फाटली असती तं?"

मी म्हटलं, कमी फाटली असती तर वही दाखवली नसती.  ते उत्तर त्यांना पटलं नाही, आणि खरं तर मलाही नाही. पण नोकरी राहिली होती.

जायच्या दिवशी ते खिडकीशी आले. फारसी मास्तरांचं नवं कार्ड आलं होतं. "मास्तर लिवते, शहमात मधला मात म्हंजे मेला नाई. लोकं तसं समजते. मात म्हंजे हलाले जागा नाई उरली, एवढंच." मी विचारलं, नव्या जागेचा चार्ज कधी घ्यायचाय. म्हणाले, आत्ताच.

ती खोली पार्सल ऑफिसच्या मागं होती. छत्र्या, डबे, एका पायातल्या चपला, एक तबला. पूर्वी सामान तिथं वर्षानुवर्षं पडून असे. चेकर वस्तूकडे पाहून विचारत, ही कोणत्या गाडीनं आली, सोबत कोण होतं, कुठं बदलली असेल. छत्र्या आठवड्यात मालकाकडे जायला लागल्या. तबल्याला दोन महिने लागले. तो तळेगावच्या एका भजनी मंडळाचा निघाला. डग्गा त्यांच्याकडेच होता आणि ते वर्षभर त्या एकावरच भागवत होते.

रस्त्यावर नवे चेकर आले. तरुण, चपळ, पुलाखाली बसणारे. पहिल्याच आठवड्यात केसेस आल्या आणि मॅनेजरचा आकडा उठून उभा राहिला. सगळ्यांत पहिली केस वामनची होती. त्याचा लेखी जबाब माझ्यासमोरून गेला. वामनचं अक्षर चांगलं होतं. त्यानं लिहिलं होतं: "सात प्रवाशांस तिकीट दिलेले नव्हते हे मला कबूल आहे. परंतु तपासणीपूर्वी मला शह देण्यात आलेला नव्हता, सबब सदर तपासणी ग्राह्य धरू नये."

मी त्याला बोलावून विचारलं, हे काय लिहिलंस. तो म्हणाला, "खरं तेच लिवलं, बाई. चोरी कबूल हाय माही. पन त्याईनं बी चोरीच केली ना?"

महिनाभरात बाकीच्यांनीही तोच मजकूर उतरवला. काहींना त्याचा अर्थ माहीत होता, काहींना नुसतं वाटत होतं की असं लिहायचं असतं. एकानं तर "शह व काटशह देण्यात आला नाही" असं लिहिलं. केसेस वर गेल्या, आणि दोन वर्षांनी विभागीय कार्यालयातून विचारणा आली: या डेपोच्या जबाबांमध्ये वारंवार येणाऱ्या 'शह' या संज्ञेचा नियमातील आधार काय, खुलासा करावा. मॅनेजरनं कागद माझ्याकडे ढकलला.

नियमात आधार नव्हता. आधार फाईलमध्ये होता. मी चेकरांची अकरा पानं काढली, वर एक ओळ टाइप केली, "संज्ञेचा पूर्वेतिहास सोबत जोडला आहे," आणि पाठवून दिली. एवढ्या मेहनतीनं लिहिलेलं कोणीतरी एकदा तरी वाचावं, असा माझा हेतू होता असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

चेकर तोपर्यंत निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांना हे कळवलं पाहिजे असं वाटून मी कार्ड टाकलं. तीस वर्षं ज्याची पद्धत एक होती आणि तीन महिने दुसरी, त्या माणसाला त्या तीन महिन्यांची कागदोपत्री दखल घेतली गेल्याचं वाचून बरं वाटेल, असा माझा अंदाज होता. आठ दिवसांत उत्तर आलं. खुशाली नव्हती. वामननं गावी येऊन चहा पाजला एवढं एका ओळीत होतं. खाली लिहिलं होतं:

"पान सात परत मागवून घ्या. अरबस्तानातून लॅटिनमध्ये शब्द कोणाबरोबर गेला ते मी स्पेनमार्गे लिहिले, पण फादर आता म्हणतात नक्की सांगता येत नाही. तपास अपुरा आहे."

मी विभागीय कार्यालयाला तसं पत्र लिहिलं. पान सात परत आलं. समासात लाल शाईनं, ओळखू न येणाऱ्या अक्षरात, कोणीतरी लिहिलं होतं: "सिसिलीमार्गे शक्य. तपासावे."